वादाची खुर्ची

मी सांगत होते, पण माझं ऐकतो कोण? कुरकुरले तर तेल घातलं, किंचाळले तर लाथ घातली. खुर्ची काही सांगत असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता दमलेय. तरी एकदा सगळं सांगून टाकते, मग ठेवा मला कुठे ठेवायचं तिथे.

मी चाकांची खुर्ची. काळी, उंच पाठीची, पोटात हवेची नळी असलेली. कारखान्यातून निघाले ते थेट एका गेम बनवणाऱ्यांच्या खोलीत आले. धनी दोघं. एक दादा, दुसरे त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांना सगळे भाऊजी म्हणत. गेम बंदुकीचा, समोर शत्रू आणि धडाधड गोळ्या. दोघं मिळून तो बनवत होते म्हणे. मला ते गेम बनवताना कमी दिसले, भांडताना जास्त.

भांडण रोज एकच. बंदुकीच्या खेळात खरं नवं कुठल्या कंपनीनं आणलं?

दादाचं म्हणणं, ज्यांनी भिंतीआड दडून गोळी झाडायला शिकवलं ते खरे. त्याआधी सगळे मोकळ्यावर छाती काढून उभे राहायचे आणि मरायचे. त्यावर भाऊजी नाक मुरडत. दडायला काय लागतं, उंदीरही दडतो. ज्या कंपनीनं शत्रूला भ्यायला शिकवलं, गोळी लागायच्या आधीच पळायला शिकवलं, ती खरी. मग बाकीच्या कंपन्यांची उणीदुणी निघत. कुणी जुन्याच बंदुकीला नवा रंग फासला, कुणी कुणाची चाल उचलली. स्वतःचा गेम तोवर तसाच पडलेला.

दादा कुणाला बोलूच देईना, म्हणून भाऊजींनी नियम काढला. जो माझ्यावर बसेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी उभं राहून ऐकायचं. झालं! तिथून माझे भोग सुरू झाले. एक उठायला तयार नाही, दुसरा हात धरून ओढतोय. मुद्दा पटवायचा म्हणून दादा माझ्यावर उसळी मारून आदळायचा, भाऊजी माझ्या हातावर मुठी हाणायचे. शेवटी नळी फुसकी झाली. कुणी बसलं की मी हळूहळू खाली जायला लागले. इतकी हळू, की बसणाऱ्याला कळायचंही नाही. उठलं की परत वर. चढता-उतरता कुरकुरायचे तेवढी, पण ते ऐकायला कुणाला सवड?

धन्यांनी स्वतःला नव्या खुर्च्या घेतल्या आणि मला दादाच्या धाकट्या बहिणीकडे ढकललं. तिचं काम दिवसभर गेम खेळून चुका काढायचं. भाऊजींनी तिचं नाव खुसपट ठेवलं होतं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. तिच्यासारखी पोर मी पाहिली नाही. बसायच्या आधी माझ्या पाठीवरची धूळ झटकायची. वादात पडायची ती एका वाक्यापुरती. म्हणायची, "दादा, नवं म्हणजे काय, तर खेळणाऱ्याचा हात मध्येच थबकला पाहिजे. तुमच्या गेममध्ये माझा हात अजून थबकलेला नाही."

आणि एक दिवस तो थबकला.

ती खेळत होती, मी खचत होते. पडदा तिच्या डोळ्यांच्या वर वर जात होता. ती म्हणाली, शत्रू मोठा होतोय. जितकं लढावं तितके आपण लहान आणि तो उंच. अंगावर काटा येतोय. दोघं धनी धावत आले. खात्री करायला शेजारच्या दुकानातली माणसं बोलावली, एकेकाला माझ्यावर बसवलं. सगळे तेच म्हणाले. मी जीव तोडून कुरकुरत होते, की अहो, शत्रू वाढत नाही, मी बसतेय. भाऊजी म्हणाले, "तेल घाला रे हिला."

मग नवा वाद. दादा म्हणे ही किमया माझ्या उजेड-सावलीची, भाऊजी म्हणत माझ्या शत्रूच्या चालीची. एकानंही तोच गेम दुसऱ्या खुर्चीवर बसून खेळून पाहिला नाही. असल्या चुकीला अक्कल लागते, अडाण्याला जमायची नाही. वर काय केलं, तर बाकी सगळ्या युक्त्या गेममधून काढून टाकल्या. आता कशाला हव्यात? आपल्याला नवं सापडलं!

पुढे मोठ्या कंपनीची माणसं गेम बघायला आली. त्यांना आवडला तर पुढचं काम मिळणार, नाही तर खोलीला कुलूप. पाहुण्यांना मोडकी खुर्ची कशी द्यायची? मला ओढून कोपऱ्यात सारलं आणि दादानं आपली कातडी खुर्ची पुढे केली. त्यांच्यातले एक चष्मेवाले गृहस्थ निवांत खेळले. शत्रू होता तेवढाच राहिला. खेळ संपल्यावर ते गोड आवाजात म्हणाले, "छान आहे. पण यात नवं काय?"

पाहुणे गेले. मग दादा बहिणीकडे वळला. तिच्या जिभेवर विश्वास ठेवला, म्हणाला, तिथेच चुकलं. भाऊजींनी तर ती लक्ष वेधून घ्यायला खोटं बोलली असंही म्हणून टाकलं. शेजाऱ्यांनी तेच सांगितलं होतं, हे कुणाला आठवलं नाही.

ती म्हणाली, "मला दिसलं तेच मी सांगितलं, दादा."

"मग आज आम्हाला का नाही दिसलं?"

तिनं आपला डबा उचलला, चप्पल घातली आणि गेली. जाताना एकदा जरी टेकली असती तर मी दाणकन खाली बसून दाखवलं असतं. नाही टेकली.

खोलीला कुलूप लागलं. मी आता बाहेरच्या बोळात आहे. माझ्यावर जुन्या वायरींचं गाठोडं आहे आणि त्याच्या वजनानं मी पार तळाला गेलेय. दादा आणि भाऊजी दुसऱ्यांकडे नोकरीला जातात. येता-जाता याच बोळात थांबून खरं नवं कोणी आणलं यावर तसेच भांडतात. एवढंच मागते, तुम्ही कुणी इथून गेलात तर ते गाठोडं काढा, माझ्यावर बसा आणि त्या दोघांना बघायला बोलवा. माझं काही नको, मी भंगारात गेले तरी चालेल. त्या पोरीची जीभ खोटी नव्हती, एवढं त्यांना दिसू दे.

कारण जन्मात एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही. फक्त कुणी विचारलं की तुमचा धंदा कुणामुळे बुडाला, तर दोघं एका दमात एकच नाव घेतात. खुसपट.