सावलीबाबाचे जांभळे मणी

मिठागराच्या वजनकाट्यासमोर त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. वाफ्यांमध्ये मीठ पांढरंशुभ्र पिकून पडलं होतं, ते ओढायची दाताळी कुंपणाला टेकून उभी होती, आणि मीठ ओढणारे सगळे बायाबापडे एका काळ्या तंबूकडे तोंड करून ताटकळत होते. तंबूत सावलीबाबा बसले होते. बाबा उन्हात पाऊल टाकत नसत. तंबूतून गाडीपर्यंत जायचं झालं तरी दोन चेले डोक्यावर काळी छत्री धरत. ज्याने सूर्याला मुठीत ठेवलंय त्याने उन्हाला एवढं का भ्यावं, असा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. पडला असता तरी गर्दीत तो चेंगरून मेला असता, कारण सगळ्यांचं लक्ष मण्यांकडे होतं.

"हात पुढे कर," तंबूच्या अंधारातून आवाज येई, आणि तळहातावर मण्यांची एक दोरी पडे. "मणी पांढरे आहेत ना? नीट बघून घे. आता मूठ मिट, बाहेर जा आणि उन्हात उघड."

माणूस बाहेर येई, मूठ उघडे, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मणी जांभळे होत. आधी फिकट, मग गडद.

"सूर्य कोपला!" चेला बोंब ठोके. "शाप निघाला, शाप!" दुसरा चेला स्वतःची मूठ उघडून दाखवी. त्याच्या हातातले मणी पांढरेच असत.

"लेकरांनो," बाबा आतून म्हणत, "सूर्य वर बसून प्रत्येकाची कातडी वाचतो. कुणाच्या कातडीत काय लिहिलंय ते मणी सांगतात. डॉक्टरला काय कळणार? डॉक्टर स्वतःच उन्हातून येतो!"

या वाक्याचा अर्थ काय, हे बाबांनाही सांगता आलं नसतं. पण लोकांनी माना डोलावल्या.

मग मिठागराचा मुकादम आत गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याची बायको गर्दीत पदराचं टोक दातांत धरून उभी होती. सगळं मिठागर तिला वहिनी म्हणतं, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. मुकादमाने मूठ उघडली. मणी शाईसारखे झाले होते.

वहिनीला बिचारीला मण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता नवऱ्याच्या खालच्या ओठात. तिथे आधी नुसतं सालपट निघायचं. "ओठ फुटलाय, दुसरं काय!" असं मुकादम म्हणायचा, आणि तूप चोळून कामाला जायचा. मग तिथे खपली धरू लागली. खपली पडली की रक्त, रक्त थांबलं की पुन्हा खपली. आता त्या जागी बोटाला लागेल अशी कडक गाठ होती. वहिनी खिडकीपाशी मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. शिवताना तिचा हात मध्येच थांबे आणि ती दारातून येणाऱ्या नवऱ्याच्या ओठाकडे आधी बघे, तोंडाकडे नंतर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओठ तपासून सांगितलं होतं, "ही जखम भरत का नाही ते शोधायला हवं. मोठ्या रुग्णालयात जा. बारीकसा तुकडा काढून तपासतील. कर्करोग असला तर लवकर कळलेला बरा."

त्या एका शब्दाने दोघांची पाचावर धारण बसली. मुकादम घरी येऊन म्हणाला, "मी नाही जायचा. तुकडा काढला की पसरतो तो."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय? कानावर फोड आलेला आपल्या मिठागरातला म्हातारा आठवतो ना? सुरी लागली आणि गेला."

तो म्हातारा फोडाने अर्धा कान खाईपर्यंत घरात दडून बसला होता. सुरी लागली ती फार उशिरा. पण मिठागरात त्याच्या मरणाचं खापर सुरीवरच फुटलं होतं, आणि तेव्हापासून सुरीचं नाव काढलं की भलेभले गप्प होत.

त्यामुळे खरं सांगायचं तर वहिनीलाही बाबा हवेच होते. बुडत्याला काडीचा आधार. बाबांकडे सुरी नव्हती, काळा लेप होता, आणि तो म्हणे फक्त रोगच ओढायचा. काट्यावर वजन करणाऱ्या माणसाच्या हाताच्या पंज्यावर असाच एक चट्टा होता. बाबांनी त्यावर लेप लावला, तो बिचारा दोन्ही पाय झाडत ओरडला, आणि काही दिवसांनी तिथली काळी ठिकरी गळून पडली. "हे बघा रोगाचं मूळ!" म्हणून बाबांनी ती बाटलीत घालून सगळ्यांना दाखवली. त्यानंतर बाबांनी आपल्या डबीतलं पांढरं मलम काट्यावाल्याच्या मण्यांवर चोळलं. मणी उन्हात पांढरेच राहिले. शाप फिटला! "आता माझी सावली तुमच्यावर आहे," बाबा म्हणाले, "डोक्याची फडकी फेकून द्या." आणि लोकांनी ती खरोखरच फेकली. भर उन्हात, पांढऱ्या मिठावर.

मुकादमाला लेप येत्या रविवारी लागायचा होता. तोवर जांभळे मणी गळ्यात घालायचे. त्याने घरी येऊन ते काढून ठेवले तेव्हा ते पुन्हा पांढरे झाले होते. "घरात शाप शिरत नाही," असा त्याने स्वतःच अर्थ लावला आणि तो त्याला फार पटला.

शनिवारी दुपारी मुकादमाची मोठी बहीण आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. वहिनी तिला वन्सं म्हणायची, आणि चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणाऱ्या या नणंदेला थोडी वचकूनही असायची. मुकादम कामावर होता, मणी घरीच विसरून गेला होता. वहिनीने चहा ठेवला, तो उतू गेला, आणि मग तिला रडूच फुटलं. तिने सगळं सांगितलं.

वन्संनी मणी उचलले. "तू हातात धरून बघितलेस?"

"मी कशाला धरू? मी तर दिवसभर घरात असते."

"धर. आणि चल अंगणात."

वहिनीच्या तळहातावर मणी जांभळे झाले. ती जागच्या जागी खालीच बसली. "वन्सं, मलाही? अहो, मुलं कुणाच्या पदरात टाकू मी?"

"उठ गं, वेडाबाई! अजून संपलं नाही." वन्संनी मणी दोन मिनिटं घरात ठेवले, पांढरे झाल्यावर बाहेर आणले आणि धुण्याच्या दगडावर टाकले. दगडावरही ते जांभळे झाले. मग बादलीच्या कडीला बांधले. तिथेही तेच. "दगडाला शाप, बादलीला शाप. तुमचं घर फारच पापी दिसतंय!"

वहिनीने डोळे पुसले. तिला हसायचं होतं, पण हसू येईना.

"असले मणी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत," वन्सं म्हणाल्या. "उन्हात न दिसणारे किरण असतात, अतिनील म्हणतात त्यांना. ते लागले की या मण्यांतला रंग जागा होतो, घरात नेले की झोपतो. कुणाच्याही हातात दे. चेल्यांच्या हातात साधे मणी असणार."

"पण काट्यावाल्याचे? ते तर तेच मणी होते. बाबांनी मलम चोळलं आणि..."

वन्संनी पर्समधून एक नळी काढली. मैदानावर पोरांचे खेळ घेताना त्या तोंडाला लावायच्या ते उन्हाचं मलम. दोन मण्यांवर त्याचा जाड थर दिला आणि दोरी उन्हात धरली. बाकीचे जांभळे झाले, ते दोन जवळजवळ पांढरे राहिले. वहिनीने वाकून वास घेतला. बाबांनी काट्यावाल्याच्या मण्यांवर मलम चोळलं तेव्हा आलेला वास हाच होता.

"म्हणजे हे मलम खरंच किरण अडवतं?"

"बरेचसे."

"मग तो मण्यांना हे लावतो, आणि माणसांना तो काळा लेप?"

वन्संनी दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज वहिनीलाही ऐकू येईल असा मोठा केला.

"तो लेप लावू देऊ नका!" बाई म्हणाल्या. "कातडी जाळणारं रसायन असतं त्यात. चांगल्या कातडीलाही जाळतं. गळून पडतं ते रोगाचं मूळ नव्हे, जळलेलं मांस असतं. वरून जखम भरल्यासारखी दिसते आणि खाली गाठ वाढत राहते. ओठावर लावला तर ओठच जाईल."

"उद्या लावणार आहेत," वहिनी म्हणाली.

तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून ओरडली, "वहिनी, तुम्ही इथेच? बाबांचा मुक्काम आजच हलतोय. तुमच्या यांना लेप आत्ताच लावतायत की!"

वहिनी अनवाणीच धावली. जाताना तिने मण्यांची दोरी मुठीत घेतली. वाटेत तिला एकच दिसत होतं: बाटलीतली ती काळी ठिकरी, आणि त्या जागी नवऱ्याचा ओठ.

तंबूचा पडदा वर होता. मुकादम स्टुलावर मान मागे टाकून बसला होता आणि बाबांच्या बोटावर काळा लेप होता.

"थांबा!" वहिनी ओरडली.

बाबांनी शांतपणे मान वळवली. "शाप बोलतोय. घाबरू नका, जाताना तो ओरडतोच."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मागून धावत आलेल्या वन्संना धाप लागली होती, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. सगळ्या गावादेखत बोलायची वहिनीला कधी सवय नव्हती. मग तिने समोरचं दाताळं उचललं, मूठ उघडून दोरी त्याच्या दांड्याला बांधली, सगळ्यांना फिरवून दाखवली, आणि दाताळं उन्हात उभं धरलं.

मणी जांभळे झाले.

"बाबा," वहिनी म्हणाली, "आमच्या दाताळ्याला शाप कधी लागला? त्यालाही लेप लावा."

आधी कुणीतरी मागे खुसकन हसलं. मग दुसरं. मग हसण्याची लाट आली.

"दाताळं पापी माणसाच्या हातातलं आहे!" बाबा गरजले.

"असेल. मग एवढं करा. लेप फक्त रोग ओढतो, चांगल्या कातडीला काही करत नाही, असंच म्हणता ना? तुमच्यावर तर शाप नाही. आधी तुमच्या गालावर लावून घ्या. मग माझ्या नवऱ्याला लावा."

बाबांनी बोट गालाकडे नेलं नाही. त्यांनी ते घाईघाईने फडक्याला पुसलं, आणि वर तांब्यातल्या पाण्याने चोळचोळून धुतलेलं सगळ्यांनी बघितलं. चेल्याकडे लोकांनी वळून पाहिलं तर तो छत्री घेऊन गाडीकडे निघाला होता.

तेव्हा काट्यावाला पुढे आला. तो हात कापडात गुंडाळून फिरायचा. त्याने कापड सोडलं. लेपाच्या वणाच्या कडेने, नव्या कातडीखालून, पुन्हा एक गाठ वर आली होती. "मी कुणाला बोललो नाही," तो म्हणाला. "म्हटलं, माझीच श्रद्धा कमी पडली."

मग कुणीच हसलं नाही.

वन्संनी मण्यांचं आणि मलमाचं गुपित तिथेच उलगडलं. बाबा तोवर पसार झाले होते, पहिल्यांदाच बिनछत्रीचे. मुकादम मात्र स्टुलावरून उठला नव्हता. तो हळूच म्हणाला, "पण ताई, मी तर कायम रुंद टोपी घालतो. मला ऊन लागलं कुठून?"

वन्संनी दोरी पांढरी होईपर्यंत तंबूत ठेवली, त्याला टोपी घालून वाफ्यात उभं केलं आणि मणी त्याच्या हनुवटीखाली, टोपीच्या भर सावलीत धरले. तिथेही मणी रंगले. ऊन वरून येत नव्हतं, खालून येत होतं. पांढरं मीठ ते आरशासारखं वर फेकत होतं. पिढ्यान्‌पिढ्या मिठागराने डोकं झाकलं आणि हनुवटी, ओठ, कानाच्या पाळ्या उघड्या ठेवल्या. उन्हाने त्या हेरल्या.

सोमवारी मुकादम आणि काट्यावाला एकाच गाडीने रुग्णालयात गेले. तुकडा काढला. "आता पसरलं तर?" असं मुकादमाने विचारलं तेव्हा तिथले डॉक्टर रागावले नाहीत. "तपासणीने पसरत नाही," ते म्हणाले. "वाट बघण्याने पसरतं." अहवाल आला तो नको तोच आला: कर्करोग. पण ओठापुरताच होता, आणि तो काढता आला. काट्यावाल्याचा जास्त खोल गेला होता. त्याची दोन बोटं गेली आणि उपचार अजून चालू आहेत.

मुकादमाचा ओठ एका बाजूने आत ओढला गेलाय. पूर्वी तो शीळ घालून सगळ्यांना चहाला बोलवायचा. आता शीळ वाजत नाही, म्हणून पत्र्यावर दाताळं आपटतो. त्याच्या गळ्यात वहिनीने शिवलेलं दाट विणीचं फडकं असतं, नाकापर्यंत ओढायचं. सगळ्या मिठागराला तिने ते शिवून दिलं. ओठाला, कानाला मलम लावतात, ते घामाने गेलं की पुन्हा लावतात, आणि डोक्यावरच्या उन्हात मीठ न ओढता सकाळी लवकर ओढतात. मणी वजनकाट्याच्या खांबाला टांगलेत. नवा माणूस आला की वहिनी ते त्याच्या हनुवटीखाली धरते.

"भीती वाटते?" ती विचारते. "वाटू दे. मलाही वाटत होती, अजून वाटते. पण भीती घेऊन कुणाच्या दारात जायचं, ते आपल्या हातात असतं. जो तपासू देतो त्याच्याकडे जा. जो प्रश्न विचारला की शाप म्हणतो, त्याच्या दारात उभंही राहू नका. आणि न भरणारी जखम लपवू नका रे, बाबांनो. मी तिच्याकडे बघत बसले होते, तेवढे दिवस ती वाढत होती."