तुटलेली वायर आणि एकशे ऐंशी किलोमीटर

मित्रांनो, रस्त्यात मी दिसले तर तुम्ही वळूनही बघणार नाही. माझा निळा रंग तीन ठिकाणी उडाला आहे आणि पुढच्या चाकाचे काही आरे मूळचे नाहीत. मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. पण २००८ साली मी विमानात बसून मलेशियाला गेले होते, आणि तिथे जे घडले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत राहणारा यतीन ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरला गेला होता, त्याने तिथून मला आणले. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे अशी एका दिवसाची लांब पल्ल्याची शर्यत असते. त्या शर्यतीत उतरायचे त्याच्या मनात होते. पहिले काही दिवस तो मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. शेजारी मला बघायला यायचे, माझे वजन एका बोटावर तोलून बघायचे. मग त्याची कंबर धरली, कामाच्या वेळा बदलल्या आणि मी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत गेले. तिथे माझ्या दांडीवर टॉवेल वाळू लागले. टॉवेलातले पाणी ठिबकून माझी चेन गंजली. दोन्ही टायर बसले. दोन वर्षे मी एक फूटही चालले नाही.

यतीन पोहायला शिकला होता तो शालनताईंकडून. शालन तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. माहेर भाईंदरजवळच्या मुर्धा गावचे, मिठागरवाल्यांचे घर. लहानपणी मिठागरात भरतीचे पाणी घेणाऱ्या चरात ती पोहायला शिकली. लग्न होऊन जवळच्याच गोडदेव गावात आली आणि पुढे तरणतलावावर मुलांना शिकवू लागली. पोहण्याच्या धड्यांच्या वेळी यतीनने तिला त्या शर्यतीबद्दल सांगितले होते. तो विसरला. ती विसरली नाही.

एके दिवशी ती गॅलरीत येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने माझे पायडल हाताने फिरवले. चेन करकरली.

"यतीन, ही मला वापरायला देशील?"

"न्याच ताई. माझ्याकडे ती टॉवेल वाळवायची दोरी झालीय. फक्त आमच्या सुरुचीला पोहायला शिकवा."

सुरुची यतीनची मुलगी, सहा वर्षांची. अशा रीतीने एका मुलीच्या पोहण्याच्या बदल्यात मी गोडदेवला आले.

शालनचे सासरे काळूराम ओसरीवर बसले होते. त्यांचा सगळा जन्म मिठागरावर गेला होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "परदेशात जाऊन सायकल चालवायची? हितं रस्ता न्हाय काय?"

"आहे ना आबा. म्हणून आधी इथेच चालवणार आहे," शालन म्हणाली.

तिने मला गुणवंतभाईंच्या दुकानात नेले. स्टेशनजवळ त्यांचे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान होते. त्यांनी माझी चेन घासली, गिअरच्या वायर बदलल्या, चाके सरळ केली. पण मी तयार झाले तरी ते मला सोडेनात.

"बेन, आता सगळी खोला नि परत जोडा," ते म्हणाले.

"मी? मला कुठे येतं?"

"नाय येत म्हणून तर बोलतोय. तिथे रस्त्यात गुणवंत येणार नाय."

चार रविवार ती त्यांच्या दुकानात खाली बसून मला खोलत होती आणि जोडत होती. तिची नखे काळी झाली. ट्यूब बदलणे, ब्रेक बसवणे, गिअर लावणे ती शिकली. वायर तुटली तर काय जुगाड करायचा, तेही गुणवंतभाईंनी करून दाखवले.

मग सुरू झाली आमची दीड वर्षाची मेहनत. पहाटे आम्ही गोडदेवहून निघायचो, उत्तन ओलांडून समुद्रकाठच्या तारोडीला जायचो. तिथे शालन समुद्रात पोहायची आणि मला मासळी सुकवणाऱ्या चंपाबाईंच्या बोंबील टांगायच्या बांबूंजवळ उभी करायची. चंपाबाईंना माझे फार कौतुक नव्हते. जागा कमी पडली की त्या माझ्या हँडलवर बोंबील लटकवायच्या. घरी आले की आबा नाक मुरडत म्हणायचे, "बाजारातनं आली वाटतं गाडी."

सगळेच दिवस चांगले नव्हते. गोराईच्या रस्त्यावर एकदा समोरून असा वारा सुटला की शालन दमून उतरली आणि मला ढकलत घरी आली. चेहरा उतरला होता तिचा. आबांनी कारण विचारले.

"वारा होता आबा. जोर लावून लावून पाय गेले."

आबांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "वाऱ्याशी भांडाचं न्हाय. तो जिंकनारच हाय. मान खाली घालाची, पायडल हलकं मारत राहाचं. थांबाचं न्हाय."

त्या दिवसापासून आबा तिच्या बाजूचे झाले, असे मला वाटते. तोंडाने त्यांनी तसे कधी म्हटले नाही.

शर्यतीला शालनबरोबर तिचा नवरा भावेश आला. मला खोक्यात घालून नेले. तिथे खोके उघडताच कपाळावर आठ्या घालून एका माणसाने हवा हुंगली. बोंबलाचा वास मलेशियापर्यंत आला होता.

शर्यत तिथल्या एका बेटावर होती आणि मोठी होती. समुद्रात पावणेचार किलोमीटरहून जास्त पोहायचे, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर धावायचे. सायकल संध्याकाळी साडेपाचच्या आत संपली नाही तर तिथेच बाद. सकाळी सात वाजता शिट्टी झाली. मी शेकडो चकचकीत सायकलींच्या रांगेत उभी होते. दीड तासाच्या आतच शालन पाण्यातून धावत आली. कितीतरी पुरुषांच्या आधी आली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

साठ किलोमीटरच्या तीन फेऱ्या होत्या. ऊन भाजत होते, चढ मोठे होते, पण आमचे ठीक चालले होते. दुसऱ्या फेरीत, एकशे बाराव्या किलोमीटरला, एका चढावर माझ्या हँडलपाशी टक् असा आवाज झाला. मागच्या गिअरची वायर तुटली. चेन घसरून सगळ्यात जड दातेरी चाकावर जाऊन बसली. त्या गिअरमध्ये तो चढ चढणे कुणालाही शक्य नव्हते.

दोन वाजायला पाच मिनिटे होती. जवळच्या पाण्याच्या टेबलावर एक स्वयंसेविका होती. तिने फोन करून विचारले. दुरुस्तीची गाडी बेटाच्या दुसऱ्या टोकाला होती, यायला तास लागणार होता. तास गेला असता तर सगळेच गेले असते. शालनकडे सुटी ट्यूब होती, पंप होता, सुटी वायर नव्हती.

ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. शेजारून सायकली एकामागून एक निघून जात होत्या. मला वाटले, ती आता रडेल. पण तिने हाताचा घाम पँटला पुसला आणि पिशवीतून छोटा पाना काढला.

तुटलेल्या वायरीचे टोक तिने माझ्या दांडीतून बाहेर ओढले. एका हाताने मागचा गिअर मधल्या चाकापर्यंत ढकलून धरला, वायर ताणली आणि बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूखाली गुंडाळून पाना फिरवला. वायर सटकली. तिच्या बोटात घुसली, रक्त आले. तिने बोट तोंडात घातले, पुन्हा वायर ताणली, पुन्हा स्क्रू आवळला. या वेळी मी जीव खाऊन ती वायर धरून ठेवली. पायडल फिरवले, चेन मधल्या चाकावर चालू लागली.

"चल गं," ती हळूच म्हणाली.

पंचवीस मिनिटे गेली होती. अडुसष्ट किलोमीटर राहिले होते आणि मागे एकच गिअर. चढावर ती सीटवरून उठून सगळे वजन पायडलवर टाकायची. उतारावर पाय नुसते भिंगरीसारखे फिरायचे. शेवटचे वीस किलोमीटर समुद्राच्या कडेने होते आणि तिथे समोरून वारा आला. तिने मान खाली घातली. हलके मारत राहिली. एकदाही थांबली नाही. जे मघाशी आमच्या शेजारून गेले होते, त्यांतल्या अकरा जणांना आम्ही मागे टाकले. मी मोजले.

पाच वाजून चोवीस मिनिटांनी आम्ही रेषा ओलांडली. सहा मिनिटे शिल्लक होती.

पुढचे माझ्या हातात नव्हते. धावण्याच्या फेऱ्या आम्हा सायकलींना ठेवलेल्या कुंपणाजवळून जात होत्या, म्हणून ती मला दिसत होती. दुसऱ्या फेरीला ती लंगडत होती. तिसऱ्या फेरीला ती चालत होती. भावेश कुंपणाला धरून उभा होता. तो फक्त म्हणाला, "शालन, वेळ आहे. भरपूर वेळ आहे." तिने मान हलवली आणि परत धावू लागली.

रात्री पावणेअकरा वाजता कर्ण्यावर तिचे नाव पुकारले गेले. उच्चार चुकीचा होता, पण मला कळले. शालन, भारत, शर्यत पूर्ण. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मला घंटी असती तर मीही वाजवली असती.

मला न्यायला भावेश आला तेव्हा त्याच्या कानाला फोन होता. डोळे पुसत तो बोलत होता. "आबा, झाली पूर्ण. हो, स्वतः दुरुस्त करून."

पलीकडून आबांचा आवाज मलाही ऐकू आला. "ती धड हाय ना? आन् सायकल?"

गोडदेवला आमचा सत्कार झाला. ढोल वाजले. यतीन सुरुचीला घेऊन आला, गुणवंतभाईंनी पेढे वाटले, चंपाबाई तारोडीहून खास आल्या. माझ्या हँडलला हार घातला. मग गावच्या मंडळातले कुणीतरी म्हणाले, "आता ही सायकल हॉलच्या भिंतीवर लावू. आठवण राहील."

सगळ्यांना ते पटले. मी मात्र घाबरले. मला गॅलरी आठवली.

तेवढ्यात आबा उठले. काठी टेकत माझ्यापाशी आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझा हार काढला.

"भिंतीवर मेलेल्यांना टांगतात," ते म्हणाले. "ही जिती हाय. शालन, उद्या हिला घेऊन कामाला जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवी वायर लावून, आम्ही दोघी तरणतलावावर गेलो. त्यानंतर किती वर्षे गेली, किती टायर झिजले, त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी सायकल, एखादी बाजाची पेटी, एखादी बॅट कोपऱ्यात पडली असेल. तिला झाकून ठेवू नका, सजवूनही ठेवू नका. तेल घाला, पुसा आणि वापरा. तुम्हाला जमत नसेल तर ज्याला तिची ओढ आहे त्याला देऊन टाका. आम्ही झिजायला भीत नाही. चला, सहा वाजत आले. शालन चप्पल घालते आहे, मला निघायला हवे.