निळ्या पिशवीचा पत्ता

मी एक जुना फोन बोलतोय. दोन हजार अठराच्या ऐन थंडीत ताईंच्या हाती आलो. काच तडकली आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते. तरी माझ्या पोटातली गोष्ट आजवर बाहेर गेलेली नाही.

मारहाण सोसून घरातून पळालेल्या बायकांना ताई विश्वासातल्या घरांत आसरा देतात. त्या घरांशी चालणाऱ्या निरोपात नाव लिहीत नाहीत. बाई आली तेव्हा हातात जे असेल, तेच तिचं नाव. कुणी छत्री, कुणी परात. निरोप कुलूपबंद जातो. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक पलीकडच्या फोनकडे.

ताईंचा धाकटा भाऊ पोलिसांत मोठा साहेब. या घरात मात्र बंड्याच. ताईंनी शाळा सोडली, लोकांची भांडी घासली आणि त्याला शिकवलं. ते उपकार त्याने कधी बोलून दाखवले नाहीत. विसरलाही नाही.

परवा तो आला. तपासात अडचणी काय येतात, एवढंच सरकारने त्याच्या खात्याला विचारलं होतं. याने अख्खा नियमच लिहून काढला. प्रत्येक फोनची तिसरी किल्ली पोलिसांकडे राहील. कागद दुसऱ्या दिवशी वर जायचा होता. सांगताना छाती फुगली होती.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मला त्याच्यापुढे सरकवलं. पडद्यावर एकच ओळ होती. 'निळी पिशवी आज पोटभर जेवली.'

"ही कोण?"

"तुझी लेक. इतके दिवस शोधतोयस ना, ती."

तो ताडकन उठला. कुठे आहे म्हणाला.

"नाही सांगणार. जावई तुझ्याच खात्यात आहे, बंड्या. तुझी किल्ली उद्या त्याच्याही हातात जाईल. तुला चोर पकडायला शिकवलं. कुलपं कशी घडवायची, हे तुला कुणी विचारलं?"

साहेब खाली बसला. मला हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. पत्ता पुन्हा विचारला नाही. चहा तसाच निवला.

मी थकलोय. किल्ली मागणारे पुष्कळ पाहिले. प्रत्येकाला दुसऱ्याचं कुलूप उघडं हवं असतं. हा नाही तर उद्या दुसरा कुणी हेच लिहील. मला खुशाल मोडीत काढा, पण तिसरी किल्ली घडवू नका.

काल संध्याकाळी त्याचा निरोप आला. 'नियम काढून टाकला. फक्त अडचणी लिहिल्या.'

ताईंनी वाचला.

"फिटलं," म्हणाल्या, आणि मला चार्जिंगला लावलं.