‘एक्साइटेडली’ लिहिलेला पुठ्ठा

मित्रांनो, जन्माने मी बुटांच्या खोक्याचं झाकण. शनिवार पेठेतल्या एका शाळेत प्रेमलाबाई इंग्रजी शिकवत. त्यांनी मला कात्रीने चौकोनी कापलं आणि जाड पेनाने माझ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘एक्साइटेडली’. पाठीवर मराठीत अर्थ दिला: आनंदाने उतावीळ होऊन. तेव्हापासून मला जरा शिंगंच फुटली.

आमचा खेळ सोपा होता. डब्यातून एकाने पुठ्ठा काढायचा, कुणाला दाखवायचा नाही, आणि बाई सांगतील ते त्या शब्दाप्रमाणे करून दाखवायचं. वर्गाने शब्द ओळखायचा. ‘स्लोली’ किंवा ‘सॅडली’ निघाला की मुलं नाकं मुरडत. मी निघालो की बाकं हादरत. कुणी टुणकन उडी मारी, कुणी दप्तर भिरकावी. माझ्या कडा झिजल्या, पण मी खूश होतो.

पुढे प्रेमलाबाई निवृत्त झाल्या, वर्गात मोठा स्क्रीन लागला आणि आमचा डबा कपाटावर धूळ खात पडला. परवा पालकसभेला नेमकी वीज गेली. नव्या चैतालीबाईंनी नाइलाजाने डबा खाली काढला. मी आलो चौथीतल्या ओवीच्या हातात.

बाबा घरी आलेत असं समज, बाईंनी तिला सांगितलं. तिचे बाबा खरोखरच मागच्या बाकावर बसले होते. हडपसरच्या ऑफिसातून ते पहिल्यांदाच शाळेत आले होते आणि ओवीने सकाळपासून ही बातमी वर्गभर केली होती. मला मुठीत धरून, हात पसरून, ती थेट त्यांच्याकडे धावली. त्यांच्या कानाला फोन होता. वर न बघताच त्यांनी पंजा पुढे केला.

“एक मिनिट हं, ओवी. कॉलवर आहे.”

ती जागीच थांबली. पसरलेले हात हळूहळू खाली आले.

“सॅडली,” वर्ग एका सुरात म्हणाला.

नाही रे बाळांनो, असं ओरडावंसं वाटलं मला. पण पुठ्ठ्याला कुठला आवाज? इतका लाचार मी कपाटावरही नव्हतो. आता ती मला वर धरून दाखवील, एवढीच आशा होती. तिने मला पोटाशी दाबून धरलं.

“बरोबर,” ती म्हणाली, आणि मला डब्याच्या तळाशी सरकवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोन संपला होता, म्हणून बाबांनीही वाजवल्या.

मित्रांनो, मला धुळीत ठेवलंत तरी चालेल. पण कुणी असं धावत आलं, तर तेवढे हात मोकळे ठेवा.