टोपी वर गेली की

साहेब, इमारतीच्या फळ्या ठोकायला म्हणून तुम्ही तुळसाच्या मुलाला आखातात नेलंत आणि तिथं रिकाम्या खुर्च्या भरायला बसवलंत. तुम्हाला लाज नव्हती, म्हणून ती सगळी तुळसाच्या वाट्याला आली.

त्या रविवारी तिनं मासळीची पाटी लवकर आवरली. देशादेशांच्या मोटारींची शर्यत होती. प्रत्येक देशाची एकच गाडी, आपलीही एक. तिचा सत्यवान बघायला जाणार होता. ‘टीव्हीत दिसान,’ म्हणाला होता. तुळसानं ते बाजारभर केलं. केबल दत्तारामाकडे, म्हणून अर्धी वाडी त्याच्या पडवीत येऊन बसली.

गाड्या कसल्या, टोकदार होड्यांना चाकं लावलेली. प्रत्येकीत एकच माणूस, तोही गळ्यापर्यंत बुडालेला.

“आपली खंयची रे?” तुळसानं विचारलं.

“तिरंग्याचो पट्टो आसा ती,” दत्ताराम म्हणाला.

तेवढ्यात तीच गाडी वळणावर घसरली आणि वाळूत रुतली. पडवी हळहळली. लगेच पडद्यावर माणसं दिसली. नारिंगी सदरे, हातात परके झेंडे, आणि मधोमध सत्यवान. दोन्ही हात वर करून नाचत होता.

“तुळशे, आपली गाडी रुतली नि तुझो झील उड्यो मारता?” शेजारची काशीबाई म्हणाली. “खंयच्या देशाक दत्तक दिलंस गो त्याका?”

पडवी हसली. दत्तारामाला वाईट वाटलं असावं. “नीट बघ गे. सत्यवानच मां तो?”

होडीचा दांडा लागून झालेला कपाळावरचा व्रणसुद्धा तुळसाला दिसला होता.

“न्हय,” ती म्हणाली. “माझो झील न्हय तो.”

सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं.

पुढचे दिवस बाजारात तिनं गिऱ्हाईकाला हाक मारली नाही. शुक्रवारी तिठ्यावरच्या बूथवर सत्यवानाचा फोन आला.

“आये, बगलंस मां माका?” आवाजात कोण आनंद.

“बगलंय. आपली गाडी रुतली तेवा नाचत होतंस.”

तो हळू आवाजात म्हणाला, “हॉलंडची माणसा येवक नाय, म्हणान त्यांचे सदरे आमका घातले. मुकादमान टोपी वर केली काय आमी आरडूचा. कोण रुतलो, कोण फुडे गेलो, ता बगूचा नाय.”

“नि नाय आरडलं तर?”

“मे म्हयन्याची रजा गेली. माका घराक येवचा आसा, आये.”

घरी यायचं म्हणून तो नाचला होता, आणि वाडीसमोर तिनंच त्याला नाकारलं होतं.

“सत्या, लोकांनी माका इचारल्यानी. मी सांगलंय, तो माझो झील न्हय.”

“बरा केलंस,” सत्यवान म्हणाला.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“मुकादम खंय आसा तुझो?”

“हंयच आसा. कित्याक?”

“त्याका फोन दी.”

“आये, त्याका आपली भाषा येणा नाय.”

“मगे तू इचार. म्हणाचा, माझ्या झिलाक माझ्याच डोळ्याफुडे परको करूक तुका कोणी सांगल्यान? आत्ता इचार. तो काय सांगता ता आयकल्याबगर मी फोन ठेवचंय नाय.”