घंगाळाशेजारचे घमेले

मित्रांनो, किन्हवलीजवळच्या आमच्या पाड्यावर, प्रार्थनाघराच्या ओसरीत एक जुने लोखंडी घमेले उपडे ठेवलेले असते. ते मी.

मुरबाडच्या एका कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीवर प्रेस बसला आणि एकाच दाबात मला आकार मिळाला. हात कापू नये म्हणून माझी कड दुमडली गेली. किन्हवलीच्या बाजारातून मला सोमीने घेतले. सोमी बांधकामावर मजुरी करी आणि तिचे घर त्याच कामावर चाले. नऊ वर्षे मी तिच्या डोक्यावरून वाळू, खडी आणि काँक्रीट वाहिले. काम संपताच ती मला घासून धुवी, म्हणून मी टिकले.

आमच्या प्रार्थनाघरात पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात. प्रभू येशूने राजा असूनही कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पण आमची माणसे भिडस्त. पाय धुवून घ्यायला बसणारा प्रत्येक जण आधी घरी दगडाने पाय घासून येतो! त्यामुळे पाणी दरवर्षी स्वच्छच राही.

त्या वर्षी बारा जणांत सोमीचे नाव प्रथमच आले. फादरांना गुडघे टेकता येत नव्हते. त्यांनी पाय धुण्याचा मान प्रार्थनाघराच्या मंडळाचे प्रमुख भगीरथ यांना दिला. भगीरथ हे सोमीचे मुकादम. त्यांनी त्यासाठी नवे पितळी घंगाळ आणले. नेमका त्याच दिवशी त्यांच्या बांधकामावर स्लॅब ओतायचा होता, आणि एकदा सुरू झालेला स्लॅब मध्येच थांबवता येत नाही.

चार वाजता भगीरथ अंघोळीला निघाले.

"सोमे, स्लॅब पुरा होईस्तवर हलायचं नाय."

"आन तुमी?"

"मला पाय धुवायचेत."

"मलाबी धुऊन घ्यायचेत, मुकादम."

"गेलीस तर उद्यापासून कामावर येऊ नको."

साडेपाचला घंटा झाली. सोमीने हातातली खेप टाकली, क्षणभर उभी राहिली आणि मला काखेत घेऊन थेट प्रार्थनाघरात गेली. पायांवर घोट्यापर्यंत सिमेंट होते.

बाकावर शेजारी बसलेली राही कुजबुजली, "गो सोमे, नळावर तरी जायचंस!"

"नळावर गेले असते तर हितं धुवायला काय राह्यलं असतं?"

अकरा जणांचे पाय भगीरथांनी वाकून धुतले. सोमीपुढे मात्र ते थांबले. पांढरा सदरा, नवे घंगाळ आणि समोर त्यांच्याच स्लॅबचे सिमेंट. सोमीने मला पायांखाली सरकवले. "घंगाळ राहू द्या. ह्याला सवय हाय."

 फादर हळूच म्हणाले, "भगीरथ, उशीर केलात तर घट्ट होईल ते."

भगीरथांनी गुडघे टेकले. नुसते पाणी ओतून भागेना. बोटांच्या बेचक्यांत अंगठा घालून त्यांना सिमेंट काढावे लागले. आत सिमेंटने खाल्लेली लाल कातडी होती. त्यांचा हात मंदावला.

"जळजळतं का?"

"रोजचंच हाय."

भगीरथांनी तिचा दुसरा पाय हातात घेतला.

"उद्या येऊ नको म्हनलो होतो."

"म्हनलात."

"उद्या गुड फ्रायडे. कुनीच येनार नाय, काम बंद. तू ईस्टर करून सोमवारी ये. गमबूट आनतो, सगळ्यांना."

प्रार्थनेनंतर भगीरथ तसेच स्लॅबवर गेले आणि राहिलेली घमेली सर्वांसोबत स्वतः उचलू लागले. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेले सिमेंटचे डाग पुढे कधी गेले नाहीत.

आता घंगाळात वेदीवरची फुले असतात. पवित्र गुरुवारी मात्र मला बोलावतात, आणि त्या दिवशी पाड्यावरची माणसे कामावरून तशीच येतात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझ्यासारखे कुणी तुमच्यासाठी राबत असेल, तर त्याच दिवशी त्याच्याकडे वाकून पाहा. सिमेंट ओले असते तोवर पाण्याने निघते. वाळल्यावर छिन्नी लागते.