चिलापीचा रॉड

दुकानात रॉड हातात घेऊन हवेत सपासप हलवणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. हलवून काय कळतं? तुमचं मनगट किती जोरात चालतं ते कळतं. रॉड कळायला त्याला वजन द्यावं लागतं. मूठ घट्ट धरायची, टोकाला पिशवी टांगायची आणि तो वाकतो कुठून ते बघायचं. नुसतं टोक वाकलं तर एक ॲक्शन, मधून वाकला तर दुसरी, थेट मुठीपर्यंत कमान झाली तर तिसरी. आणि तेवढं वाकायला वजन किती लागलं, ती त्याची पॉवर. लोक या दोन गोष्टींची भेळ करतात आणि मासा सुटला की नशिबाला शिव्या देतात.

मी आयुष्यभर खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. माल पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. निवृत्तीनंतर मला कोणी तपासायला काही देत नाही, म्हणून मासेमारी करणाऱ्या मंडळींचे रॉड बघून देतो.

यज्ञेश्वर माझा मित्र. सदाशिव पेठेतला, बँकेतून निवृत्त झालेला, पक्का शाकाहारी. तो मासा धरतो, त्याच्यासोबत फोटो काढतो आणि मासा माझ्या घरी देतो. माझी बायको सुंदरा म्हणते, ‘भावजी हौस करतात आणि आपण कालवण खातो.’ किती वर्षं झाली, आम्ही त्याच्या स्कूटरवरून पानशेत रस्त्याला जातो. धरणाच्या फुगवट्यावर, एक घसरडा उतार उतरून गेलं की आमचा कोपरा लागतो.

तिथे कटला असतो. मासा मोठा, पण स्वभावाने बुजरा. त्याला आधी जागेची सवय लावावी लागते. म्हणून काही आठवडे नुसते पेंडीचे आणि भाजलेल्या पिठाचे गोळे पाण्यात टाकायचे. गळ टाकायचा नाही. पहिला गळ दोघांनी मिळूनच टाकायचा, एक जण आजारी असेल तर दुसऱ्याने थांबायचं. हा नियम आम्ही कुठे लिहिलेला नाही, आणि तो मोडावा असं कधी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

यंदा चारा सुरू केला आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. यज्ञेश्वर हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून म्हणाला, ‘तू बरा हो रे. चारा मी टाकतो. तू आल्याशिवाय गळ भिजणार नाही.’ दर रविवारी त्याचा फोन यायचा. ‘बुडबुडे येतायत रतन. खाली मोठं धूड आहे.’ त्या बुडबुड्यांवर मी व्यायाम केला. व्यायाम घेणारी मुलगी पाय दुमडायची तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मनातल्या मनात मी तो उतार उतरत असायचो. मला दुसरं काही नको होतं. त्याच्या शेजारी बसून पहिला गळ टाकायचा होता.

मध्येच एकदा तो दोन रॉड घेऊन आला. दुकानदार ओळखीचा, पसंतीला दिले होते.

‘कोणासाठी?’ मी विचारलं.

‘भाच्यासाठी. खराडीला असतो, कंपनीत. आता त्याला हे खूळ लागलंय.’

‘कुठे बसणार? कोणता मासा?’

‘कात्रजच्या पुढे त्याच्या मित्राचं शेततळं आहे. चिलापी धरेल बिचारा.’

‘हात बसलाय का?’

‘छे! अगदीच नवखा.’

माझी मुलगी मैत्री तेव्हा घरीच होती. तिला मूठ पलंगाच्या कडेला दाबून धरायला लावली आणि टोकाला तूरडाळीची पिशवी टांगली. ‘बाबा, डाळ सांडली तर आईला तुम्ही सांगायचं,’ ती म्हणाली. अर्ध्या किलोतच एक रॉड मधून छान वाकला. दुसऱ्याने दोन किलोलाही नुसती मान हलवली.

‘हा मऊ घे,’ मी सांगितलं. ‘नवख्याची चूक पोटात घालेल. तो दुसरा दांडगा आहे, चिलापीला कशाला? उगाच मुंगीला मारायला तोफ.’

त्याने त्या दांडग्याकडे दोनदा बघितलं. मग मऊ रॉड उचलला आणि गेला.

परवा तो परत आला. रॉडचे दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. ‘भाच्याने गाडीच्या दारात चेपला,’ म्हणाला. ‘काही करता येईल का बघ.’

मी तुकडे उजेडात धरले. दारात सापडतो तो रॉड टोकाकडे मोडतो, आणि चेपल्याची खूण राहते. हा मुठीच्या अगदी वर मोडला होता आणि तिथले धागे उभे फाटून पिंजले होते. म्हणजे हा आधी पार मुठीपर्यंत वाकला होता आणि समोरचं ओढ सोडत नव्हतं. चिलापीच्या सात पिढ्या एकत्र ओढायला आल्या तरी हे होणार नाही.

‘कटला होता,’ मी म्हणालो.

तो पुढ्यातल्या वर्तमानपत्राची घडी घालू लागला.

‘आपल्या कोपऱ्यावर.’

‘रतन, ऐक तर. आमच्या सोसायटीत विश्वजीत म्हणून आहे. त्याची गाडी आहे. तो म्हणाला, एकदा दाखवा...’

‘म्हणजे भाचा नाहीच?’

‘तुला वाईट वाटलं असतं.’

असं आहे! मला वाईट वाटू नये म्हणून त्याने माझ्या जागी बसणाऱ्या माणसाचा रॉड माझ्याकडूनच निवडून घेतला. माझ्या पलंगावर, माझ्या मुलीच्या हातून. रॉड मोडल्याचं मला काहीच वाटलं नाही. वैद्याला आजार खोटा सांगितला की औषध लागू पडत नाही, तसंच ते झालं. पण दर रविवारचे ते बुडबुडे मनातून जाईनात.

‘मी येणार होतो की रे,’ मी म्हणालो. ‘डॉक्टर पुढच्या महिन्यात हो म्हणालेत.’

‘डॉक्टर म्हणतात. तो उतार तू आता उतरणार नाहीस, रतन. मला दिसत नाही का? मला तोंडावर बोलवेना, एवढंच.’

म्हणजे मला न विचारता त्याने मला बाद करून टाकलं होतं.

सुंदराने चहा आणून ठेवला आणि आमची तोंडं बघून आत गेली. यज्ञेश्वरने कपाला हात लावला नाही. तो कपाटाशेजारी टेकवलेल्या माझ्या जाड रॉडकडे बघत होता. मला वाटलं, याला लाज वाटते आहे, आता माफी मागेल.

‘एक विचारू?’ तो म्हणाला. ‘रविवारी आम्ही पुन्हा जातोय. तुझा हा तसाही पडूनच आहे.’

मी हातातले दोन तुकडे पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळले, नीट दोरा बांधला आणि पुडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. मग काठी न घेता दारापर्यंत गेलो. गुडघ्यात कळ आली, पण चेहऱ्यावर दिसू दिली नाही. दार उघडून धरलं.

‘या, यज्ञेश्वरराव,’ मी म्हणालो. ‘जिन्यातला दिवा गेलाय. आपण सांभाळून उतरा.’

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ‘आपण’ म्हणालो. तो चप्पल घालताना थांबला, माझ्याकडे बघत राहिला आणि ‘येतो’ न म्हणताच खाली गेला.